कसणाऱ्याची माहिती कसणाऱ्यानेच लिहावी

(चौसाळा येथे गायरान कसणाऱ्यांच्या कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण. बोलले तसेच उतरवून थोडे नीट लावून देत आहोत. ज्यांना वाचता येते त्यांनी वस्तीवर सगळ्यांना वाचून दाखवावे.)

बायांनो, भावांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो,

आम्हाला सांगितलं होतं की गायरानाच्या पुराव्यावर बोला. आम्ही बोलणार आहोत समाजशास्त्रावर. हसू नका. बारावीला हा विषय आम्ही घेतला होता. त्यात एक धडा होता, सामाजिक संशोधनाच्या पद्धती. माहितीचे प्रकार किती, ती गोळा कशी करायची, खरी-खोटी कशी ओळखायची. परीक्षेपुरता पाठ केला, पास झालो आणि विसरलो. पुढं तहसिलीच्या पायऱ्या झिजवायला लागलो तेव्हा ध्यानात आलं की साहेब जे विचारतो ते सगळं त्या धड्यात होतं. तो धडा आपल्या वस्तीसाठीच लिहिला होता, फक्त आपल्या वस्तीचं नाव त्यात नव्हतं.

आधी आपला प्रश्न काय आहे ते बघूत. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी गायरानावर केलेलं अतिक्रमण १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातलं असेल तर ते नियमित करायचं. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती, १९९० ला जन्मशताब्दीचं वर्ष सुरू झालं, म्हणून ती तारीख. कागदावर हे सोपं दिसतं. पण अर्ज घेऊन गेलं की एकच सवाल येतो. त्या दिवशी तुम्ही त्या तुकड्यावर होतात, हे कशावरून?

या 'कशावरून'चं उत्तर म्हणजेच संशोधन. ते करायला पुण्या-मुंबईहून कोणी यायची गरज नाही. पण पद्धत मात्र शिकावी लागते. उगं मोठ्यानं बोललं म्हणून पुरावा होत नाही.

धड्यात माहितीचे दोन प्रकार सांगितलेत. एक प्राथमिक, दुसरी दुय्यम. प्राथमिक म्हणजे आपण स्वतः जाऊन, डोळ्यानं बघून, तोंडानं विचारून आणलेली. दुय्यम म्हणजे दुसऱ्या कोणी, त्याच्या कामासाठी, आधीच लिहून ठेवलेली. दुय्यम म्हणजे कमी दर्जाची असं नाही. दुसऱ्याच्या हातची, एवढाच अर्थ.

पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातची घेऊत. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई असतो, ती अतिक्रमणाची नोंदवही. पीकपाहणी असते. ग्रामपंचायतीत मतदार यादी, जन्म-मृत्यूची नोंद. रेशनकार्ड. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आणि पोलिस ठाण्यातल्या वह्या. यातली कोणतीही वही हातात आली की तीन गोष्टी विचारायच्या. कोणी लिहिली? कधी लिहिली? कशासाठी लिहिली?

१-ई ची वही तलाठी लिहितो. तो रानात गेला तर नोंद होणार. गावच्या पारावर बसून लिहिली तर गाव सांगेल तेवढंच त्यात येणार. ज्या गावाला आपण गायरानावर नको आहोत ते गाव आपलं नाव कशाला सांगेल? म्हणून 'वहीत नाव नाही' याचा अर्थ 'माणूस रानात नव्हता' असा होत नाही. माणूस लिहिला गेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

शिरगणतीचं बघा. १९९१ ची गणना फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यातली अर्धी वस्ती कुठं असते? उचल घेतलेली, मुकादमाच्या मागं, कोयता घेऊन उसाच्या फडावर. मोजणारा जिथं सापडला तिथं माणूस मोजतो. मग गावच्या आकड्यात आपण किती आलो असू, तुम्हीच बघा. आकडा खोटा नाही. पण तो कोणत्या महिन्यात मोजला हे विचारल्याशिवाय खराही नाही.

आता पोलिसांच्या वहीचं सांगतोत. इथं बसलेल्या पारधी माणसांच्या अंगावर काटा येणार, पण ऐका. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला पण वहीची सवय राहिली. आपल्या समाजाबद्दल सरकारजवळ जेवढी लेखी माहिती आहे तिच्यातली किती पोलिसांनी लिहिली आणि किती आपण सांगितली, याचा विचार करा. ज्या कामासाठी माहिती लिहिली जाते त्याच कामाची माणसं तिच्यात दिसतात. चोर शोधायला लिहिलेल्या वहीत शेतकरी दिसत नाही.

पण यातच एक मेख आहे. आपल्या विरुद्ध लिहिलेला कागदही कधी आपल्या बाजूनं बोलतो. एखाद्याला १९८६ साली गायरान नांगरलं म्हणून दंड झाला. त्यानं रागानं पावती फाडून टाकली. भावांनो, ती पावती म्हणजे सरकारनं स्वतःच्या सहीनं लिहून दिलेला दाखला होता, की हा माणूस १९८६ ला या रानात होता. तसंच चौकशीला आलेल्या जमादारानं 'अमुक गायरानात पाल टाकून राहतो' असं लिहिलं असेल तर तेही आपल्या कामाचं. म्हणून दंडाची पावती, नोटीस, समन्स, काहीही फाडू नका. चुलीत घालू नका. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आता प्राथमिक माहिती, म्हणजे आपल्या हातची. हिच्या पद्धती अनेक. आपल्याला तीन पुरेत. बघणं, विचारणं आणि आयुष्य ऐकणं.

बघणं, म्हणजे निरीक्षण. रान बोलतं, पण बघणारा पाहिजे. वेचून रचलेल्या दगडांची ताल. बांध. बांधावरचं लिंबाचं झाड, त्याचा बुंधा केवढा. बुजलेला आड. चुलीच्या जागेची काळी माती. पुरलेल्या माणसांच्या जागा. नांगर न लागलेलं गायरान आणि पंधरा साल हुलगा-बाजरी घेतलेलं गायरान यातला फरक आंधळ्याला पायानं कळतो. हे सगळं लिहायचं, पावलांनी मोजायचं, चारी दिशांना कोण आहे ते टिपायचं, कागदावर नकाशा काढायचा.

निरीक्षणातही दोन प्रकार. लांबून बघणारा आणि त्यांच्यात राहून बघणारा. दुसऱ्याला सहभागी निरीक्षण म्हणतात. याचं एक उदाहरण आपल्याच जुन्या राज्यातलं आहे. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि आदिलाबादही. आदिलाबादच्या डोंगरात गोंडांच्या जमिनी सावकारांनी आणि जंगल खात्यानं घेतल्या. कुमराम भीम उठला, लढला, १९४० साली मारला गेला. त्यानंतर फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियाचा एक मानवशास्त्रज्ञ त्या गोंडांत जाऊन राहिला. त्यांची भाषा शिकला. जमीन कशी गेली ते लिहून निजाम सरकारला अहवाल दिले. पुढं हजारो गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, नुसत्या अभ्यासानं जमीन मिळत नाही. आधी लढा झाला, मग अभ्यास झाला. दोन, नुसत्या लढ्यानंही पट्ट्यावर नाव येत नाही. कोणाचं रान, किती, कधीपासून, हे कोणाला तरी बसून लिहावंच लागतं. तिथं ते बाहेरच्या माणसानं लिहिलं. आपल्याकडं कोणी येऊन राहील अशी वाट बघत बसलो तर तोवर गायरानावर दुसऱ्याच कशाचा तरी पाया खोदला जाईल. आपण तर जन्मापासून तिथंच राहतोत. आपलं सहभागी निरीक्षण चालूच आहे, फक्त लिहायचं राहिलं.

आता विचारणं. छापलेली प्रश्नावली वाटली आणि लोकांनी स्वतः भरली, ही पद्धत आपल्याकडं चालत नाही. जिथं अंगठे जास्त तिथं अनुसूची लागते. म्हणजे प्रश्न ठरलेले, पण विचारणारा आपला माणूस आणि लिहिणाराही तोच.

इथं आमची चूक सांगतोत. लपवली तर दुसरा तीच करील. पहिल्या खेपेला आम्ही चार वस्त्या तीन दिवसांत उरकल्या. पालापुढं उभं राहून विचारायचं, 'किती साल झाले कसता?' पहिला म्हणाला, बारा साल. मागचे सगळे म्हणाले, बारा साल. आम्हीही घाईत बारा-बारा लिहीत गेलो. एकच अक्षर, एकच शाई, एकच आकडा. गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं तो चाळला आणि म्हणाला, 'सगळे एकाच दिवशी उतरले काय रानात?' बाकीचे हसले. आम्ही शिव्या देत बाहेर आलो. पण रात्री भाकर खाताना उमगलं की हसणं वाईट असलं तरी सवाल बरोबर होता. आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त भरलं होतं.

दुसऱ्या खेपेला पद्धत बदलली. एकेकाला वेगळं बसवलं. आपल्या बोलीत विचारलं, साहेबी मराठीत नाही. आणि साल विचारायचं सोडलं, प्रसंग विचारला. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली, खडी फोडली, तेव्हा तुम्ही कुठं होतात? इंदिराबाई गेल्या, ते चौऱ्याऐंशी साल, ती बातमी कुठं असताना कळली? किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तेव्हा रानात काय उभं होतं? माणसाला आकडा आठवत नाही, पण हातातलं काम आठवतं. मग बारा-बारा निघालं नाही. कोणी एकोणऐंशीचा, कोणी पंच्याऐंशीचा, कोणी अठ्ठ्याऐंशीचा. आकडे वेगळे आले तेव्हा ते खरे वाटायला लागले.

आणखी एक चूक होती. आम्ही फक्त बापयांना विचारलं होतं. एका वस्तीवर एक विधवा म्हातारी आमच्या यादीत नव्हतीच. तिचा तुकडा दिरानं आपल्या नावात सांगितला होता. दुसऱ्या खेपेला ती स्वतः आली. म्हणाली, 'साल-बिल मला माहीत नाही. धाकटा पाठीशी बांधलेला होता, चालत नव्हता, तेव्हा मी या रानातले पहिले दगड वेचलेत.' आम्ही शाळेत गेलो. धाकट्याची जन्मतारीख निघाली १ जून १९८३. आता तुम्हाला माहीत आहे, गुरुजींनी आपल्यातल्या निम्म्या पोरांना १ जूनलाच जन्माला घातलंय. म्हणजे शाळेची वहीसुद्धा कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे विचारावंच लागतं. एखाद-दुसरं साल इकडं-तिकडं होईल. पण तरीही म्हातारी नव्वदच्या कितीतरी आधी रानात होती. तिचं तोंड, शाळेचं रजिस्टर आणि बांधावरची दगडांची ताल, तिन्ही एकच बोलले.

हीच खरी गोम आहे. चुलीला तीन दगड लागतात. दोनावर तवा ठरत नाही. तसा प्रत्येक दाव्याला एक कागद, एक रानातली खूण आणि एक शेजाऱ्याचं तोंड. यातलं एक मोडलं तर दुसरी दोन धरून ठेवतील. एकावरच सगळा भार टाकू नका.

कोणी म्हणेल, तोंडी सांगण्याला काय किंमत? तर ऐका. एम. एन. श्रीनिवास म्हणून मोठे समाजशास्त्रज्ञ. १९४८ साली म्हैसूरकडच्या एका गावात राहिले, गावाला त्यांनी रामपुरा नाव दिलं. वर्षानुवर्षे टिपणं तयार केली. १९७० साली अमेरिकेत असताना तिथं आग लावली गेली आणि ती तयार टिपणं जळाली. मग त्यांनी मुख्यतः आठवणीवरून त्या गावाचं पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला निघालं आणि जगभर वाचलं गेलं. आम्हाला त्याचा आनंदच आहे. आम्ही एवढंच विचारतोत. प्राध्यापकाची आठवण ग्रंथ होते, तर दगड वेचणाऱ्या म्हातारीची आठवण पुरावा का होत नाही? आपल्या महाराष्ट्रातल्या वनजमिनीच्या दाव्यांत १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं, की नुसत्या ठराविक कागदावर अडून बसू नका, इतर पुरावाही ऐका. ते जंगलजमिनीचं झालं, आपलं गायरानाचं आहे. पण न्याय तोच लागतो, हे आपण मांडू शकतो.

मात्र श्रीनिवासांच्या आठवणीला लोकांनी मानलं, कारण हा माणूस तिथं राहिला, नीट बघितलं, खोटं सांगत नाही, असा भरवसा होता. आपल्यालाही तो भरवसा कमवावा लागेल. आणि आता जे बोलणार ते काहींना कडू लागेल.

आमच्याच नात्यातला एक माणूस आहे. तोही भूमिहीन, त्याचीही पोरं उपाशी. तो १९९२ ला गायरानात आला. आम्ही अनुसूची भरत होतो तेव्हा म्हणाला, 'दोन-चार साल मागं लिहा, तुमच्या बापाचं काय जातं?' वस्ती गप्प बसली. आमचाही हात अडला. लिहिलं असतं तर त्या दिवशी सगळे खूष झाले असते. आम्ही १९९२ च लिहिलं. त्यानं महिनाभर बोलणं सोडलं होतं.

का लिहिलं? एका वस्तीत एक खोटं साल सापडलं की साहेब एकोणीस खरे दावे त्याच फायलीत बांधून फेकतो. त्या म्हातारीचा तुकडाही त्यात जातो. हे एक. आणि दुसरं त्याहून मोठं. आधी हद्द होती ३१ मार्च १९७८. ती १४ एप्रिल १९९० पर्यंत पुढं आली ती कोणी खोटं साल लिहिलं म्हणून आली नाही. दादासाहेब गायकवाडांचा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवा. लोक तुरुंगात गेले, मोर्चे निघाले, पुढंही निघत राहिले, म्हणून सरकारला हलावं लागलं. आज आपल्या वस्त्यांवर १९९० नंतर आलेले किती आहेत, हा आकडा खरा हातात असेल तर आपण म्हणू शकतो, एवढ्या घरांसाठी तारीख पुढं न्या. सगळ्यांना नव्वदच्या मागं ढकललं तर ती मागणी करायला माणूसच उरणार नाही. तारीख लढून पुढं सरकते, खोडून नाही. म्हणून त्या भावाचं नाव वेगळ्या यादीत आहे आणि त्या यादीसाठीही आपल्याला लढायचंय. हे त्याला समजावलं. परवाच्या बैठकीला तो आला होता.

शेवटी कामाचं. शासनाला परिस्थिती दाखवायची असेल तर नमुना निवडून चालतो. चिठ्ठ्या टाकून दहातलं एक घर घ्या, पण रस्त्याकडचं सोयीचं घर घेऊ नका. दाव्यासाठी मात्र नमुना चालत नाही. प्रत्येक पाल, प्रत्येक तुकडा, प्रत्येक बाई मोजायची. आकडा लागतो, आणि आकड्यामागची हकीकतही लागते. साठ घरं एवढंच लिहिलं तर माणूस दिसत नाही. एकाच घराची कहाणी लिहिली तर म्हणतात, हे एकट्याचं आहे. दोन्ही पाहिजेत.

आता नियम ठरवूत. एक, दसऱ्याच्या आत सगळ्या वस्त्या पुऱ्या करायच्या. नंतर टोळ्या निघतात आणि पालाला कुलूप दिसतं. दोन, दोघांनी मिळून जायचं, एक बाई, एक बाप्या. तीन, विचारायच्या आधी कशासाठी विचारतो ते सांगायचं. नाही म्हणाला तर जोर करायचा नाही. चार, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा. पाच, मूळ कागद कोणाचाही न्यायचा नाही. झेरॉक्स काढून मूळ त्याच दिवशी परत. सहा, भरलेल्या अनुसूचीची एक प्रत वस्तीवर राहील. आपल्याबद्दलची माहिती इतके दिवस दुसऱ्याच्या कपाटात राहिली, आता आपल्याही डब्यात राहू द्या.

आपले आजे-पणजे वाघुर लावून हरणामागं फिरायचे. माग काढायची विद्या आपल्या रक्तात आहे असं लोक म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. करू द्या. खुरावरून जनावर कधी गेलं, किती होतं, कुठं बसलं, हे जुन्या माणसाला सांगता येत होतं, कारण तो बघून बोलायचा, अंदाजानं नाही. आपल्याच पावलांचा माग आता आपल्याला काढायचाय. तोही तसाच, बघून.

उद्या सकाळी अनुसूचीचे कागद वाटणार आहोत. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पेन आणा. ज्यांना येत नाही त्यांनी आठवण आणा. दोन्हींशिवाय हे काम होणार नाही.

जिंदाबाद.